दादांना न विचारलेलं
स्पिरिटचा वास आला की मला धारूरच्या बाजारातली ती पत्र्याची लॅब आठवते. नव्वदच्या दशकात, घरातला पहिला पदवीधर म्हणून मी तिथे रक्त तपासायला बसायचो. एका दुपारी आमच्या गल्लीतले ट्रक चालवणारे दादा एचआयव्हीची तपासणी करायला आले. हेच दादा मला केबिनमध्ये शेजारी बसवून अंबाजोगाईला कॉलेजात सोडायचे. नवी लागण पहिले काही आठवडे तपासणीत दिसत नाही, म्हणून परक्या बाईकडे शेवटचं कधी गेला होतात, हे विचारायला हवं होतं. पण थोरल्या भावासारख्या माणसाला असलं विचारायला माझी जीभ रेटेना. "सायब, पास का नापास?" त्यांनी हसत विचारलं. "काय न्हाई दादा, निगेटिव्ह हाय," मी म्हणालो. "लई शिकलास बाबा," म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली आणि ते निर्धास्त घरी गेले. दीड वर्षाने ते वहिनींना घेऊन आले, तेव्हा दोघांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाले. वहिनी रागावल्या नाहीत. "भावजी, तुमी तर काय न्हाई म्हणलतात," एवढंच बोलल्या. आता मी तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाला 'शेवटचं कधी' ते विचारतो आणि तीन महिन्यांनी परत बोलावतो. पण मला हे तेव्हाही माहीत होतं, एवढं वहिनींना त्या असेपर्यंत सांगता आलं नाही.