पट्टी बांधायची शाळा

आम्ही गाव सोडलं तेव्हा दमणीत (दमणी म्हणजे हलकी, छपराची बैलगाडी) सर्वांत निरुपयोगी वस्तू मी होतो, पण हे मला अमरावतीला पोचल्यावर कळलं. निघताना मात्र मी नागपुरी काठाचं नवं पागोटं बांधून पुढे बसलो होतो. माझी थोरली बहीण सगुणाबाई, जिला मी नुसतं बाई म्हणतो, मागे, रोडग्यांच्या (जाड कणकेचे, गोवरीवर भाजलेले गोळे) गाठोड्याला टेकून बसली होती. गाव तेल्हाऱ्यापासून कोसभर. तिथे लिहिता-वाचता येणारी माणसं दोनच, पटवारी आणि मी. पटवाऱ्याचं अक्षर वाईट आहे, हे मी लोकांना न विचारता सांगत असे.

प्रवासाचं कारण असं. अमरावतीत एका गोऱ्या डॉक्टराने आपल्या दवाखान्यात चार बायांना रोग्यांची सेवा शिकवायचं काढलं होतं. तीन मिळाल्या होत्या. चौथी जागा येत्या गुरुवारच्या दिवेलागणीपर्यंत रिकामी ठेवणार, आणि घरच्या पुरुषाने 'माझी हरकत नाही' असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं तरच बाईला घेणार, अशी दवंडी बाजारात झाली होती. सगुणाबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वी जरीमरीत (पटकीच्या साथीत) गेला होता. तिने ती दवंडी ऐकली आणि घरी येऊन वडिलांपुढे उभी राहिली. वडिलांच्या मनात तिचा पाट (विधवेचं दुसरं लग्न) नाथाजी दलालाशी लावायचा होता. शेवटी ते म्हणाले की गुरुवारपर्यंत जागा मिळाली तर शीक, नाही मिळाली तर शुक्रवारी नाथाजीला होकार कळवतो. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून माझी नेमणूक झाली. चार ओळी आणि सही, एवढंच माझं काम.

नाथाजीबद्दल एक शब्द सांगतो. कापसाचा भाव चढल्यापासून हा गृहस्थ घरातही बूट घालून बसायचा आणि सकाळ-संध्याकाळ लिवरपूरच्या गोष्टी सांगायचा. लिवरपुरात भाव चढला, लिवरपुरात माल अडला. मूर्तिजापूर, दर्यापूर तसं हेही बडनेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी असावं, अशी आमची सगळ्यांची समजूत होती; ते समुद्रापलीकडे विलायतेत आहे, हे फार पुढे कळलं.

पूर्णा ओलांडताना माझा एक जोडा नदीला मिळाला. मी पाय बाहेर सोडून बसलो होतो, कारण तसं बसलं की माणूस सावकारासारखा दिसतो. अकोल्याला पोचलो तर रस्ता दिसेना, नुसत्या कापसाच्या गाड्या. दोन्ही बाजूंच्या बाभळींना काटे कमी आणि कापूस जास्त लागला होता. गाड्यांतून ओढला गेलेला कापूस काट्यांवर अडकून झाडं पांढरी झाली होती. एका गाडीवानाला मी ऐटीत विचारलं की इथून लिवरपूर किती कोस. त्याने बैल थांबवले, मला पागोट्यापासून अनवाणी पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "चालत जाशीन तं दुसरा जोडाही लागंन, बावा."

मूर्तिजापूरच्या अलीकडे आगगाडीसाठी मातीचा भराव घालणं चालू होतं. तिथल्या एका म्हातारीने आम्हाला अंबाडीची भाजी दिली आणि बाईला विचारलं की कोणत्या गावी नांदायला चालली. बाई म्हणाली, शिकायला. म्हातारीने भाजी आणखी वाढली. आजारी माणसाला वाढतात तशी.

गुरुवारी सकाळी अमरावती लागली. इथे मी शहाणपणा केला. दवाखान्यात बहीण ठेवायची म्हणजे लोक काय म्हणतील, म्हणून दवाखान्याचं नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं. एका लांब भिंतीच्या फाटकापाशी, कडुलिंबाखाली एक भारदस्त मुसलमान गृहस्थ बसले होते. नाव रहीमभाई, तिथले मुकादम. मी हळूच विचारलं की पट्टी बांधायला शिकवतात ती जागा कुठे. ते म्हणाले, हीच. मला धन्य वाटलं. आता माझ्या बहिणीला काय पाहावं लागेल त्याची चौकशी करावी, म्हणून मी विचारलं, "मोठ्या गाठी पण येतात का?"

"मोठ्याच येतात. लहान्या गाठीले कोन इचारते."

"आणि त्यांचं काय करता?"

"पहले सहा गडी वर चढून नाचतात. मंग दाबतो. मंग पट्टी."

मी पागोटं सावरलं. "ओरडत नाहीत?"

"गडी? ओरडतात ना. त्याबगर जोर येते का?"

"आणि गाठ फुटली तर?"

"पुन्हा दाबतो. उघड्यावर ठेवतो रातभर. सकाळी गाडीत घालून मुंबई, तिथून लिवरपूर."

म्हणजे लिवरपुरात याहून मोठा दवाखाना असणार, हे मी लगेच ताडलं आणि बाईला तसं सांगितलं. ती पदर तोंडावर धरून फाटकातून आत बघत होती. मीही आत पाहिलं. आत कापसाचा डोंगर, गाठी आवळायचा मोठा लाकडी दाब आणि त्याचा दांडा घाण्याच्या बैलांसारखे फिरवणारे गडी. कापसाच्या गाठीला लोखंडी पट्ट्या बांधून ठोकत होते.

"गणपत," बाई म्हणाली, "हे कापसाचं हाये."

इथे शहाण्या माणसाने हसून दवाखाना विचारला असता. मी म्हणालो की मला सगळं माहीत आहे, पण कोणतीही पट्टी असो, बांधायची युक्ती एकच असते, आणि तुला दाखवावी म्हणूनच मुद्दाम आणलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण रहीमभाईंना माणसं कमी होती. त्यांनी पट्टीचं एक टोक माझ्या हाती दिलं. मी ते धरलं, बाईकडे पाहून भुवया उडवल्या, आणि पट्टी सुटली.

लोखंड उसळून उजव्या हातावर आलं. अंगठा आणि दोन बोटं फाटली. मी जो आवाज काढला तो त्या आवारातल्या सगळ्या गड्यांनी मिळून काढला नसता. बाईने माझं नवं पागोटं ओढून टराटरा फाडलं, हात उंच धरायला लावला आणि बोटं बांधली. तिला एकही गाठ दुसऱ्यांदा बांधावी लागली नाही. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून आईला हाका मारत होतो. बाई रहीमभाईंना म्हणाली, "चाचा, दवाखाना कुठी हाये?"

"समोर," ते म्हणाले. "रस्त्याच्या पल्याड. हे पहले काहून नाही इचारलं?"

दवाखान्यात हात धुऊन, पुन्हा बांधून मला कारकुनासमोर बसवलं. हे गृहस्थ पुण्याकडचे, सावकाश बोलणारे. दुपार कलली होती, पण दिवेलागणीला अजून वेळ होता. त्यांनी बाईचं नाव-गाव लिहिलं आणि विचारलं की शिकण्याचं कारण काय. मी सेवाधर्मावर बोलणार होतो. बाई आधी बोलली.

"माह्या मालकाले जरीमरी झाली. तो पाणी मागे. सगळे म्हनत, पाणी देऊ नोको, देशीन तं मरन. म्या नाही देल्लं. तो मेला." तिने पदर डोक्यावर ओढला. "पाणी द्यायले पाहिजे होतं का, हे मले डाक्टरले इचारायचं हाये. गावात कोनाले इचारू?"

कारकुनांनी टाक खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, लिहा.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी कशासाठी आलो होतो आणि माझा हात कशात गुंडाळला होता.

डाव्या हाताने लिहून पाहिलं. मुंगळा शाईत पडून कागदावरून पळाला असावा, असं काहीसं उमटलं. कारकून म्हणाले की हे अक्षर नव्हे, साहेब फेकून देतील. आणि नियमाने, लिहिता येणाऱ्याने लिहिलंच पाहिजे. ते खिडकीबाहेर पाहत पुढे म्हणाले, "लिहिता येत नसेल तर सहीऐवजी नांगराची निशाणी काढलेली चालते. आपल्याला लिहिता येतं का?"

ते मला वाट दाखवत होते हे गाडीच्या बैलालाही कळलं असतं. मी छाती काढून म्हणालो, "येतं म्हणजे? मोडी आणि बाळबोध, दोन्ही."

बाईने माझ्या अनवाणी पायावर टाच दिली. "खोटं बोलून राहिला तो, साहेब. त्याले काई येत नाही. गावात उगाच मिरवते."

आयुष्यात मला इतकं कोणी लागेल असं बोललं नव्हतं. कारकून म्हणाले, पाहू. त्यांनी एका कागदावर मोठ्या बाळबोध अक्षरात एक ओळ लिहिली आणि माझ्यासमोर धरली. ओळ अशी होती: 'या माणसाइतका गाडव वऱ्हाडात दुसरा नाही.'

मला गाढव म्हटलं याचं काही वाटलं नाही. सकाळपासून माझंही तेच मत होत चाललं होतं. पण 'गाढव' या शब्दात 'ढ' हवा, त्यांनी 'ड' लिहिला होता. तो 'ड' माझ्या डोळ्यांत कुसळासारखा सलू लागला. ओठ हलायला लागले. मी बाईकडे पाहिलं. तिला त्या ओळीतलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. ती नुसती माझं तोंड वाचत होती, आणि खिडकीतलं ऊन भिंतीवर बरंच वर गेलं होतं.

"काय लिहिलं आहे?" कारकुनांनी विचारलं.

"मले काय समजते, साहेब," मी म्हणालो. "काळं काळं दिसते."

त्यांनी 'इसम निरक्षर' असा शेरा लिहिला. मी डाव्या हाताने नांगर काढला. तो नांगरापेक्षा लंगड्या कोंबड्यासारखा दिसत होता, पण त्यांनी त्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'निशाणी नांगराची'. 'ड' मुद्दाम लिहिला की चुकून, हे मी आजवर त्यांना विचारलेलं नाही.

हाताची जखम सुकेपर्यंत मी आठवडाभर तिथेच ओसरीवर पडून होतो. बाई दिवसभर आत असे. तिच्याबरोबरच्या तिघींपैकी एक माझी पट्टी बदलताना गाठ फार आवळत असे. मी तिला रहीमभाईंकडे जायला सुचवलं. निघायच्या दिवशी बाई फाटकापर्यंत आली. मी विचारलं की डॉक्टरला तो प्रश्न विचारला का.

"इचारला."

"मग?"

"थे म्हनते, त्याईलेही पक्कं ठाऊक नाही. कोनी देते, कोनी देत नाही."

 आत कोणीतरी तिला हाक मारली.

"मी देऊन राहिली," ती म्हणाली. "चमच्याचमच्याने. बाबाले सांगजो." आणि वळून गेली.

परतीच्या वाटेवर दमणीत भरपूर जागा होती. पूर्णेपाशी मी पाय आत घेऊन बसलो. घरी सगळी आळी जमली. मी दाबाची, गाठींची आणि लिवरपूरची गोष्ट तीनदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी पट्टी थोडी मोठी झाली. निरक्षराचा भाग मात्र गाळला. तो आज इथे पहिल्यांदा लिहितो आहे, आणि माझं अक्षर अजूनही पटवाऱ्यापेक्षा बरं आहे.

लोक गेल्यावर वडिलांनी नाथाजीचं नाव काढलं नाही. चिलीम भरली. मग विचारलं की ती तिथे दिवसभर करते तरी काय.

"पाणी देते," मी म्हणालो. "आजाऱ्यांना."

"पाणी द्यायले अमरावतीले जा लागते का?"

मी म्हणालो, "लागते."