अंगणात झोपणारे मामा

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर सुरुवात कुठून करतात, हेही मला नीट ठाऊक नाही. मामांना माझ्यापेक्षा चांगलं ओळखणारा माणूस एकच होता, गफूर, आणि मी मामांना ओळखू लागलो तेव्हा तो इथं नव्हता. म्हणून हे धाडस करतो आहे. चुकलं तर माफ करा.

मामा बारा महिने अंगणात झोपत. थंडीत दोन गोधड्या घेत, पावसात बाजेवर ताडपत्री बांधत, पण छताखाली येत नसत. लातूरच्या ज्या खानावळीत ते स्वयंपाक करत, तिथं मी अकरावीपासून जेवायला होतो; सगळी पोरं त्यांना मामाच म्हणत. गल्लीत कुणी त्यांना कारण विचारत नसे. मामा निलंग्याकडच्या खेड्यातले. भूकंपानंतर आमच्या भागात माणसं महिनोन्महिने घराबाहेर झोपली होती, काहींना पुन्हा घरात झोप लागलीच नाही. मामा त्यातलेच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

बसून जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. हातात भाकरी, भाकरीवर पिठलं आणि चुलीपासून फाटकापर्यंत चकरा. बसा म्हटलं की म्हणत, "बसलं की पाय वरडतेत."

गल्ल्यावरचा फोन वाजला की पळी टाकून धावत. फोन बहुतेक पोरांच्या वडिलांचा असे. चाचणीत किती पडले, एवढंच विचारायला. मामांचा चेहरा उतरे. मग आत हाक येई, "डॉक्टर, ये! तुझा बाप हाय." क्लासला येणारं प्रत्येक पोरगं त्यांच्या लेखी डॉक्टरच होतं.

एका दुपारी मामा धान्याच्या कोठीत गेले आणि एका पोरानं गंमत म्हणून बाहेरून कडी घातली. आधी आतून काहीच आवाज आला नाही. मग दारावर धडका बसू लागल्या आणि मामा ओरडू लागले, "गफूर, पाय हालव! झोपू नको गफूर!"

खानावळवाल्या मावशींनी धावत येऊन कडी काढली आणि त्या पोराच्या पाठीत धपाटा घातला. "भूकंपातनं वाचलेला माणूस हाय, मेल्या! कळत न्हाई का?" पोरगं रडायला लागलं. मामा घामानं निथळत होते, तरी त्याला म्हणाले, "रडू नको. तुझी कडी लई लवकर निघाली."

मी त्यांना पाणी दिलं आणि भीत भीत विचारलं, "गफूर ढिगाऱ्याखाली गेला होता का?"

"ढिगारा कुठला? भूकंप झाला तवा म्या शेतात झोपलो होतो. घर पडलं, माणसं वाचली. हे सगळं बोटीचं हाय बाबा."

मग त्यांनी सांगितलं. घर पडल्यावर ते पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. हाताला काम नव्हतं. तिथं एक एजंट आला. परदेशात कोळंबी डब्यात भरायचा कारखाना आहे, म्हणाला. निलंग्याच्या पिंजाऱ्याचा गफूर त्यांचा जिवाभावाचा दोस्त. दोघं मिळून गेले. कारखाना काही दिसला नाही. मासेमारीच्या जहाजावर चढवलं आणि पासपोर्ट कप्तानानं काढून घेतले. जहाज बंदराला लागतच नसे. दुसरं जहाज समुद्रातच येई, मासळी भरून नेई आणि डिझेल, तांदूळ ठेवून जाई.

"आमी धरलेली मासळी देशोदेशी जायची. आमी तिथंच. घरी सोडा म्हटलं की बर्फाच्या कोठीत कोंडायचे. गफूरला आन मला बी कोंडलं."

पुढं मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं जाळ्याच्या यंत्रात गेली. हात सडू लागला, तेव्हा त्यांना मासळी नेणाऱ्या जहाजावर टाकून दिलं. "निकामी झालो म्हणून सुटलो," ते म्हणाले. "गफूर धडधाकट होता."

गफूरला सोडवून आणा असा अर्ज द्यायला, मला इंग्रजी येतं या भरवशावर, ते मला कलेक्टर कचेरीत घेऊन गेले. साहेबांनी जहाजाचं नाव विचारलं. मामा म्हणाले, "कोणतं सांगू? चढलो तवा एक होतं. मधीच रंग देऊन दुसरं लिहिलं." साहेब हसले. "लातुरात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही समुद्राची तक्रार घेऊन आलात!"

मला राग आला. बाहेर आल्यावर मामाच म्हणाले, "साहेबाचं खरं हाय. आपल्याकडं समुद्र न्हाई म्हणूनच आपल्याला न्यायला येतेत. ज्याला पोहता येत न्हाई, त्यो पळून जाईल कुठं?"

दर आठवड्याला मामा एसटीनं निलंग्याला जात. गफूरच्या आईला ते खाला म्हणत. एकदा मीही गेलो. वाऱ्यानं पिंजलेला कापूस उडत होता म्हणून मी दार लोटायला उठलो, तर खाला म्हणाल्या, "खुला रहने दे बाबा. उसकू घबराट होती." आणि मामांकडं वळून, "तू बैठ रे. कित्ता फिरता?" मामा क्षणभर टेकले आणि पुन्हा उठले.

बारावीनंतर मी नांदेडला आलो. डॉक्टर झालो नाही, बीएस्सीला आहे. परवा वसतिगृहात माझ्यासाठी फोन आला. वडिलांचा असेल म्हणून गेलो, तर मामांचा आवाज.

"डॉक्टर, गफूर आला. तिकडं कुठल्या बंदरात जहाज अडवलं, माणसं उतरवून घेतली. खालाला भेटून काल हितं आला."

कसा आहे, मी विचारलं.

"हाय. माझ्याच बाजंवर झोपलाय अंगणात. घरात ये म्हटलं तर येत न्हाई. गल्लीतली माणसं बघून जायलेत. म्हणतेत, आणखी एक भूकंपाचा माणूस आला."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगू? म्हटलं, हाव. अंगणात दोन बाजा मावतेत."