पुंगोलमध्ये सोनं कोणी लुटलं

आमच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, सायकली लावतात त्या कठड्यापाशी, कांचनाचं एक झाड आहे. आपटा नव्हे, पण पानाला मधोमध तशीच चीर, म्हणून परदेशात चालवून घ्यायचं. एके काळी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी या झाडाभोवती अशी धांदल असायची की कुणालाही वाटावं, आमच्या पुंगोलला, परक्या शहराच्या या उपनगरात, सोन्याची खाण सापडली. एरवी सिग्नल हिरवा झाल्याशिवाय पाऊल न टाकणारे आयटीतले सभ्य गृहस्थ फोनवर बोलल्याचं नाटक करत डहाळ्या खिशात कोंबायचे. इथे झाडाचं पान तोडलं तर दंड होतो, हे सगळ्यांना पाठ. दुसऱ्या दिवशी लिफ्टनं वर-खाली करत सोनं वाटायचं आणि घरोघरी तेच श्रीखंड खायचं.

मग खाण संपली. कुणाचा नोकरीचा पास रिन्यू झाला नाही, कुणाच्या कंपनीनं अख्खा विभागच उचलून दुसऱ्या देशात नेला, कुणी भाड्याला वैतागून परतलं. गेल्या दसऱ्याला आम्ही घरच्या तिघांनीच एकमेकांना सोनं दिलं. उरलेली पानं फ्रिजवर वाळली.

यंदा गणपती झाल्यावर बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी मुलीला घेऊन पुण्याला जाते. तू कर इथे नोकरी."

भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, त्यात मी पटाईत आहे. माझ्या नोकरीमुळे मिळालेल्या तिच्या पासवर तिला इथे काम मिळत नव्हतं, मैत्रिणी एकेक करून विमानतळावर पोचवून झाल्या होत्या आणि मुलीला मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत येत होतं. दिवसभर ती आणि कुकर, एवढेच दोघे घरात बोलायचे.

"अगं, पण..."

"सोनं द्यायला जाता येईल असं एक घर दाखव मला या ब्लॉकमध्ये. एक. मग राहते."

बायकोचं बोलणं शब्दशः घ्यायचं, हा माझा जुना रोग आहे.

दसरा जवळ आला तसा मी झाड बघायला खाली उतरलो, तर हात पोचेल तिथवरच्या सगळ्या फांद्या बोडक्या. अळीनं खाल्लेल्या नव्हेत. पान अन् पान देठापासून नीट खुडलेलं, डहाळी शाबूत. आता दसऱ्याच्या तोंडावर कांचनाचं पान इतक्या मायेनं कोण खुडेल? मराठी माणूस! इतका तर्क झाल्यावर शहाण्या गुप्तहेरानं तोंड बंद ठेवून पुरावा गोळा केला असता. मी वर गेलो आणि दारातूनच ओरडलो, "आहे! आपल्या ब्लॉकमध्ये मराठी घर आहे!"

तिनं गॅस बंद केला. "कुठल्या मजल्यावर?"

"ते शोधतो."

"नवीनच आले असतील का रे? लहान मूल असेल?"

असा चेहरा तिचा किती दिवसांत पाहिला नव्हता. संध्याकाळी तिनं आईला फोनवर सांगूनही टाकलं आणि करंज्यांसाठी नारळ आणवला.

मग माझा तपास सुरू झाला. लिफ्टमध्ये फोडणीचा वास घेतला, दारांबाहेरच्या चपला निरखल्या. नवव्या मजल्यावर एका दाराआडून कुकरच्या शिट्ट्या आल्या, अगदी आमच्यासारख्या. मुलीला बरोबर घेऊन बेल वाजवली. बनियनमधल्या एका गृहस्थानं दार किलकिलं केलं. मी नमस्कार करून, हसून, इंग्रजीत सोन्याविषयी बोलायला लागलो.

"नो गोल्ड, नो इन्शुरन्स," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

"बाबा, स्टॉप लाह," मुलगी इथल्या हेलात म्हणाली. "दे विल कॉल पोलीस."

शेवटी मी दबा धरायचं ठरवलं. ऑफिसला जाण्याआधी कॉफीचा कप घेऊन झाडासमोरच्या बाकावर बसायचं. दसऱ्याच्या आदल्या सकाळी चोर आला. दुसऱ्या मजल्यावरची चिनी आंटी, बाजाराची ढकलगाडी घेऊन. तिनं हातमोजा चढवला, एक फांदी हलकेच खाली ओढली आणि एकेक पान खुडून पिशवीत टाकायला लागली.

मी पुढे झालो. ती दचकली नाही की लाजली नाही. उलट मला बघून तिचा चेहरा फुलला, आणि तिनं पिशवी उघडून दाखवली.

"युवर मेडिसिन! व्हेरी गुड! माय नी, नो मोर पेन!"

"माझं औषध?"

"यू टेल मी वन, रिमेंबर?"

आठवलं. आमच्या भरभराटीच्या काळात तिनं मला हातात पानांचा जुडगा असताना पकडलं होतं. दंडाच्या भीतीनं माझी बोबडी वळली. सण आहे म्हणालो असतो तर काही बिघडलं नसतं, पण तोंडातून निघालं, "औषध." "कशाचं?" तिनं विचारलं. तिचा हात तिच्या गुडघ्यावर होता. मी त्या हाताकडे बघून म्हणालो, "गुडघ्याचं."

तेव्हापासून ती रोज पानं उकळून पिते आहे. सकाळी खाली व्यायाम करणाऱ्या तिच्या सगळ्या मैत्रिणी पितात. आता पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चोआ चू कांगहून तिची बहीणही पानं न्यायला येते. कुणाला काही झालेलं नाही, हे माझं नशीब.

तिनं मूठभर पानं माझ्या हातात कोंबली. "फॉर युवर वाइफ. शी लुक सो टायर्ड."

वर गेलो तेव्हा बायको ओट्यापाशी करंज्यांत सारण भरत होती. मी सगळं साग्रसंगीत सांगितलं: हातमोजा, ढकलगाडी, गुडघा, आंटीचा हेल काढून. ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग ओट्याला धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, सुटलो. हसणारी बायको सोडून जात नाही, या एका समजुतीवर मी आजवरचा संसार रेटला आहे.

तिनं पिठाच्या हातानं डोळे पुसले.

"म्हणजे कुणीच नाही."

"नाही."

"बरं."

भरलेल्या करंज्या टाकून कशा देणार? तिनं त्या तळायला घेतल्या. तळता तळता, कढईतून नजर न काढता म्हणाली, "शाळेला सुट्टी लागली की लगेचची दोन तिकिटं बघ. सकाळचं विमान नको, पोरीला उठवत नाही."

मी फोन काढून तारखा बघायला लागलो. तिनं एक करंजी बशीत घालून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "गरम आहे, जपून."