नऊ वर्षं आठ महिने

तीस वर्षं झाली, मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि तीस वर्षं पोच घेते. बदलीचा अर्ज दिला, पोच घेतली. वर्गाचं छप्पर गळतं म्हणून अर्ज दिला, पोच घेतली. छप्पर अजून गळतं, पण पोच माझ्याकडे आहे. घरातले सगळे कागद एका निळ्या फाईलमध्ये असतात आणि ती फाईल माझ्या कपाटात असते.

माझ्या नवऱ्याने जन्मात कधी पोच घेतली नाही. ते नऊ वर्षं आठ महिने फौजेत होते. त्यामुळे सगळं गाव त्यांना फौजी म्हणतं, आणि तोंडावर ‘अहो’ म्हणत असले तरी मनात मीही फौजीच म्हणते. फौजींचं म्हणणं असं की, साहेबाच्या हातात कागद दिल्यावर वर पुन्हा त्याच्याकडे पोच मागायची म्हणजे साहेबावर अविश्वास दाखवायचा. फौजेत असं कोणी करत नाही. आपण फौज सोडून सिंचन खात्यात आलो आहोत, हे त्यांच्या लक्षात यायला तिथली अठरा वर्षं पुरली नाहीत.

मागच्या वर्षी ते सिंचन खात्यातून निवृत्त झाले. नोकरी उशिरा लागलेली, त्यामुळे पूर्ण पेन्शनला वर्षं कमी पडत होती. त्यावर उपाय होता. फौजेची पेन्शन न घेता जो बाहेर पडला, त्याची फौजेतली वर्षं या नोकरीत धरता येतात. सुटताना मिळालेली रक्कम परत भरायची, त्याला आमची तयारी होती. अट एकच, नोकरीत रुजू झाल्यापासून वर्षाच्या आत तसा विकल्प लेखी दिलेला असला पाहिजे.

संगमनेरच्या कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर एक बाई बसतात. त्यांनी सेवापुस्तक उलटंपालटं केलं आणि विकल्पाची नोंद नाही म्हणून सांगितलं. फौजी म्हणाले, दिला होता. कोणाला? साहेबांना. पोच आहे का? मी छताच्या पंख्याकडे बघत बसले.

नोंद नसेल तर विकल्प दिलाच नाही असं समजण्यात येईल, असं बाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर गठ्ठे इतके होते की समोरच्या माणसाशी बोलायला त्यांना मान वाकडी करावी लागायची. पण ‘समजण्यात येईल’ हे कोण समजणार ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी एक नमुना दिला आणि तो भरून तरी ठेवा म्हणाल्या. मी तो तिथेच भरायला घेतला, कारण फौजींच्या हातात कोरा नमुना दिला तर तो दिवाळीपर्यंत कोराच राहतो. त्यात एक रकाना होता, सैन्यसेवा सोडण्याचे कारण. मी फौजींकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, वैयक्तिक लिही. मी वैयक्तिक लिहिलं.

खरं कारण मला माहीत होतं, निदान मी तसं धरून चालले होते. त्यांना फौजेचा कंटाळा आला होता. आमची मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा मला राजूरच्या वरच्या एका वाडीत शिक्षिकेची ऑर्डर आली. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. माझं माहेर पुणतांब्याचं, तिथे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे आईला तिथून हलता येत नव्हतं. मुलीला शाळेत नेऊन खांबाजवळ गोधडीवर बसवायचे आणि वर्गाला पाढे शिकवायचे. हे सगळं मी पत्रात लिहीत असे. मग एके दिवशी फौजी काळी ट्रंक घेऊन राजूरच्या खोलीत आले आणि म्हणाले, आलो कायमचा. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, बास झालं आता. यापलीकडे एक शब्द नाही.

फौजेची पेन्शन पंधरा वर्षांनी मिळते. म्हणजे पाच वर्षं चार महिने कमी पडले. हा हिशेब मी त्यांना किती वेळा ऐकवला असेल याची गणती नाही. त्यांनी राजूरला भाकरी थापल्या, मुलीच्या वेण्या घातल्या, नंतर संगमनेरला टेम्पो चालवला, साखर कारखान्याच्या गेटवर उभे राहिले. प्रत्येक टप्प्यावर मी म्हणत आले की पाच वर्षं चार महिने कळ काढली असती तर आज घरबसल्या पेन्शन आली असती. सगळ्यांचे नवरे राहतात, तुम्हालाच कसा कंटाळा येतो. ते ऐकून घ्यायचे आणि अंगणात जाऊन सायकल पुसायचे. सायकल तितकी मळलेली नसायची.

तर विकल्प. सरकारी काम, सहा महिने थांब, ही म्हण ज्याने केली त्याचं काम बहुधा लवकर झालं असावं. आम्ही अकरा महिने फेऱ्या मारल्या. माझ्या सगळ्या किरकोळ रजा त्यात गेल्या. फौजींच्या वेळचा उपविभाग मध्यंतरी बंद होऊन दुसऱ्यात विलीन झाला होता. सेवापुस्तकाचा पहिला भाग भरला म्हणून दुसरा सुरू केलेला, आणि पहिला कुठे गेला ते कोणी छातीठोक सांगेना. याच काळात जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, नवे शिक्के आले. एवढं सगळं झालं, पण एका माणसाच्या नऊ वर्षांची एक ओळ काही कोणाला लिहिता येईना.

मला सगळ्यात जास्त राग फौजींचा यायचा. माझं घोडं पुढे, हे मागे. मी अर्जाचा मसुदा करायचे, त्यावर सही करायला ते चार दिवस लावायचे. कार्यालयात मी पोच मागायला लागले की हे घसा खाकरून जिन्यात जाऊन उभे राहायचे. एकदा तर म्हणाले, जाऊ दे, जेवढी मिळते तेवढी पुरे. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. स्वतःची नऊ वर्षं पाण्यात चालली आहेत आणि माणूस जाऊ दे म्हणतो, याला काय म्हणायचं?

शेवटी मीच शोध लावला की त्या वेळचे हेडक्लार्क निवृत्त होऊन राजूरला राहतात. मी म्हटलं, जायचं. फौजी म्हणाले, कशाला म्हाताऱ्या माणसाला त्रास. मी तिकिटं काढली.

राजूरला बाजाराचा दिवस होता. बाजार ओलांडून गेलो, वाटेत पेढे घेतले, कारण हेडक्लार्ककडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, निवृत्त झालेल्याकडेसुद्धा. ते ओट्यावर वाल सोलत बसले होते. फौजींना बघून त्यांना आनंद झाला. मी विचारलं, “भाऊसाहेब, यांनी तुमच्या वेळेला विकल्पाचा अर्ज दिला होता का हो?”

“दिल्ता की,” ते म्हणाले. “सायबांनी माझ्या म्होरं सही केली. मी पुस्तकाच्या मागल्या पुठ्ठ्याला टाचून ठिवला हुता.”

मग त्यांनी समजावून सांगितलं ते असं. त्यांच्या कार्यालयाची रीत होती की नवा माणूस कायम होईपर्यंत त्याचे कागद आवक वहीत चढवायचे नाहीत, सेवापुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून टाचून ठेवायचे. माणूस कायम झाला की सगळ्या नोंदी एकदम घ्यायच्या, म्हणजे खाडाखोड होत नाही आणि पुस्तक देखणं दिसतं. फौजी कायम व्हायच्या आत भाऊसाहेबांचीच बदली झाली. नंतरच्या माणसाला ही रीत कोणी सांगितली नाही. पुस्तक देखणं राहिलं आणि नोंद राहून गेली. मी कपाळाला हात लावला. एवढ्या मोठ्या खात्यात पुठ्ठा उलटून बघायचं कोणाच्या मनात आलं नाही.

निघताना भाऊसाहेब मला म्हणाले, “बाई, तुमी तो अर्ज कदी वाचला न्हाई व्हय?” मी म्हटलं, नाही, यांनी मला दाखवला असता तर ही वेळ आली असती का. त्यांनी फौजींकडे बघितलं. फौजी चपला घालत होते. बस चुकेल म्हणाले.

पहिला भाग नगरला विभागीय कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असणार, हे भाऊसाहेबांकडूनच कळलं. संगमनेरच्या बाईंनी तसं पत्र दिलं. पुढच्या आठवड्यात आम्ही नगरला गेलो. कक्षातल्या माणसाने पत्र वाचलं, तीन कपाटं दाखवली आणि तुम्हीच शोधा म्हणाला. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वर बोटभर धूळ. फौजी मला म्हणाले, तू बाहेर बस, तुला धुळीने खोकला होतो. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, माझ्या खोकल्याची एवढी काळजी त्यांनी कधी केली नव्हती. मी पदर नाकाला लावला आणि गठ्ठा सोडला.

दुपारी पुस्तक सापडलं. सापडलं तेव्हा ते माझ्याच हातात आलं. मागचा पुठ्ठा उलटला, आतल्या बाजूला गंजलेल्या टाचणीने एक कागद टाचलेला. फौजींचं उजवीकडे कललेलं अक्षर. वर साहेबांची हिरव्या शाईतली सही, तारीख, खाली शिक्का. रुजू झाल्यापासून तिसऱ्या महिन्यातली तारीख. मला वाटलं, हा कागद त्या बाईंच्या टेबलावर आपटावा आणि मग सगळ्या खात्यासमोर फौजींना दोन गोष्टी सुनवाव्यात. म्हणून मी तो वाचायला घेतला.

पहिल्या ओळीत हुद्दा आणि सेवेचा काळ होता. दुसरीत रक्कम परत भरण्याची तयारी. त्याखाली असं लिहिलं होतं: ‘पत्नीस प्राथमिक शिक्षिका म्हणून नेमणूक मिळाली. दीड वर्षाच्या मुलीस सांभाळण्यास घरी कोणी नव्हते. पत्नीने नोकरी सोडू नये म्हणून मी स्वतःच्या विनंतीवरून सैन्यसेवा सोडली आहे.’

मी ते पुन्हा वाचलं. मग खांबाजवळची गोधडी आठवली, आणि त्या काळात मी लिहिलेलं एक पत्रही आठवलं. त्यात मी लिहिलं होतं की मला हे झेपत नाही, राजीनामा द्यावा म्हणते. ते पत्र गेलं आणि महिना दीड महिन्यात फौजी ट्रंक घेऊन आले. त्यांच्या येण्याने मुलीची सोय झाली, मी निवांत शाळेत जायला लागले, आणि राजीनाम्याचं मी विसरून गेले. दोन गोष्टी एकमेकींना लागून होत्या. तीस वर्षांत मी त्या एकदाही शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. मुलांना बेरीज शिकवणारी बाई मी.

फौजी कपाटाला टेकून उभे होते. त्यांना कळलं होतं मी काय वाचतेय ते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कोणाचा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, “सांगायचं ना मला. मी इतकी बोलत आले, एकदा तरी सांगायचं.”

“तू इचारलं कुठं,” ते म्हणाले. “तूच सांगायचीस मला कटाळा आला म्हनून. आन तवाच खरं सांगितलं आसतं तर तू शाळा सोडली आसतीस.”

सोडली असती. नक्की सोडली असती. आणि म्हणूनच हा माणूस अकरा महिने सह्या रखडवत होता, जाऊ दे म्हणत होता. कागद सापडला तर तो पहिल्यांदा मीच वाचणार आणि इतकी वर्षं बोलल्याचं मलाच लागणार, हे त्यांना माहीत होतं. घरातले कागद माझ्या फाईलमध्ये असतात, म्हणूनच त्यांनी याची नक्कल घरी आणली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संगमनेरला बाईंनी अर्ज नीट पाहिला, साहेबांची सही ओळखणारं कोणी आहे का ते विचारून आल्या, आणि चालेल म्हणाल्या. पण तुमच्या नमुन्यात कारण वैयक्तिक आहे आणि मूळ अर्जात वेगळं आहे, म्हणाल्या, लेखापरीक्षणाला तफावत चालत नाही. नमुना नव्याने भरून द्या. एरवी मी यावर वाद घातला असता. मी पेन काढलं आणि त्या रकान्यात माझ्या हाताने, मूळ अर्जातले शब्द जसेच्या तसे उतरवले. पत्नीस नेमणूक मिळाली. पत्नीने नोकरी सोडू नये. रकाना लहान होता, अक्षर बारीक काढावं लागलं. फौजींनी न वाचता खाली सही केली.

मी पोच मागितली. फौजी या वेळी जिन्यात गेले नाहीत, शेजारीच उभे राहिले.

प्रस्ताव वर गेलाय. महालेखापालांकडून मंजूर होऊन यायला अजून किती दिवस लागतील ते कोणी सांगत नाही. सरकार ती नऊ वर्षं आठ महिने धरायची तेव्हा धरेल. सरकारवर किती चिडू? सरकारकडे नोंद नव्हती. माझ्या तर डोळ्यांसमोर सगळं होतं, तरी तीस वर्षं मीही ती नऊ वर्षं आठ महिने धरली नव्हती.