जहाजाचं नाक

अवकाशात लढणाऱ्या जहाजाचा आकार कसा असावा, हे मला वारंगा फाट्यावरच्या एका आठवी नापास मिस्त्रीनं शिकवलं. हे वाक्य मी तेव्हाच छापायला हवं होतं. त्यानं तेवढंच मागितलं होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. फाट्याजवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो आणि उरलेल्या वेळात स्वतःला लेखक समजायचो. दोन-तीन कथा छापून आल्या होत्या, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. त्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी अवकाशयुद्धाची कथा लिहायला घेतली होती आणि शाळा सुटली की मिस्त्रीच्या वेल्डिंगच्या दुकानात चहा पीत तिच्या फुशारक्या मारत होतो. मिस्त्री ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बनवायचा. हायवेवर ठोकलेले ट्रकही त्याच्याच दारात येऊन पडायचे. वेल्डिंग करून करून त्याला बोलताना डावा डोळा मिटायची सवय लागली होती.

माझं जहाज तलवारीसारखं होतं. टोक पुढं, सगळ्या तोफा पुढं आणि टोकाशी मोठ्या काचेमागं कप्तान. समोरून शत्रूला आपलं अंग जितकं कमी दिसेल तितकं बरं, असा माझा हिशेब. मी कागदावर काढून दाखवलं. मिस्त्रीनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि तेच चित्र खडूनं एका पत्र्यावर मोठं करून काढलं. पत्र्यावर काढल्याशिवाय त्याला विचारच करता येत नसे.

"सर, वर रस्ता हाय का?"

"नाही."

"मंग समोर कोन्तं? दुश्मन समोरूनच येईल असं काहून धरून चालले तुमी?"

जहाज वळवता येतं, मी म्हणालो.

"उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून वळवून पाहा एक डाव. लांब वस्तू वळती, पन सावकाश वळती. तवर तो बाजूनं येऊन पोटात धडक घालून जाईल." मग त्यानं काचेवर बोट ठेवलं. "आन् हा मानूस इथं काहून बसवला? गाडी ठोकली की पहिला डायवर जातो. कितीतरी म्या गॅसकटरनं कापून काढलेत, सर. कप्तान पोटात बसवा, मधोमध. भवती पान्याच्या टाक्या लावा, गोळा आला तर पान्यात मरंल. नाक रिकामं ठेवा. नाक फुटायसाठीच असतं."

असे सात-आठ दिवस गेले. एकदा त्यानं एक पत्रा सरळ आणि एक तिरपा धरून दोन्हींवर हातोडा हाणला. सरळ पत्र्याला खड्डा पडला, तिरप्यावरून हातोडा घसरून गेला. एकदा म्हणाला, तेवढ्याच पत्र्यात सगळ्यात जास्त माल गोलात मावतो, म्हणजे जहाज चेंडूसारखं केलं तर पत्रा जाड लावता येईल. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच ते खोडून काढलं. चेंडू करायचा तर पत्र्याच्या पाकळ्या कापाव्या लागतात, जितक्या पाकळ्या तितके जोड, आणि मार बसला की जहाज जोडावरच उकलणार. शेवटी टँकरसारखं लांबट गोल, पुढं तिरपं आणि पोकळ नाक, यावर आमचं ठरलं. आमचं म्हणजे त्याचं.

तो चुकत नव्हता आणि तेच मला सहन होत नव्हतं. बी.एस्सी. मी झालो होतो. वर्तुळं, कोन, आघात हे सगळं मी फळ्यावर शिकवत होतो, आणि त्यातलं एकही मला माझ्या जहाजाला लावता आलं नव्हतं. त्याची मुलगी माझ्याच आठवीच्या वर्गात होती. एक दिवस चहाचा कप विसळता विसळता तो म्हणाला, "सर, माझं नाव टाकताल का? कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पोरगी वाचंल."

"बघू," मी म्हणालो. तेव्हाच मनात नाही म्हणून झालं होतं.

कथेत मी त्याचं जहाज खिळ्यासकट घेतलं. एवढ्यावर थांबलो असतो तर नुसता चोर ठरलो असतो. पण मला त्याची खोड मोडायची होती. म्हणून त्या जहाजावर मी एक पत्रेकाम करणारा विदूषक घातला. डावा डोळा मिटून बोलणारा, कप्तानाला अक्कल शिकवणारा, आणि बाहेरची गंमत बघायला म्हणून रिकाम्या नाकात जाऊन बसणारा. नाक फुटतं, तो मरतो, सगळे हसतात. ते पान लिहिताना मला फार मजा आली, खोटं कशाला सांगू?

अंक निघाला. मिस्त्री नांदेडला जाऊन दहा प्रती घेऊन आला आणि न वाचताच वाटून मोकळा झाला. चहावाला, पंक्चरवाला, दुकानात टेकलेले दोन-तीन ड्रायव्हर, सगळ्यांच्या हातात अंक. मला त्यानं खुर्ची दिली. "वाच," तो मुलीला म्हणाला, आणि ती उभी राहून मोठ्यानं वाचू लागली. जहाजाचं वर्णन आलं तसा तो ड्रायव्हरांकडे बघून मान हलवू लागला. मग विदूषक आला. आधी ड्रायव्हर हसले. मागोमाग मिस्त्रीही हसला, डावा डोळा मिटून. तो डोळा मिटलेला असतानाच त्याला कळलं. मुलगी अडखळली. "वाच, वाच," तो म्हणाला. तिनं शेवटपर्यंत वाचलं. मी चहा संपवला आणि निघालो.

आठवड्याभरात फाट्यावरचा जो तो त्याच्याशी डोळा मिटून बोलू लागला. संपादकांचं मला पत्र आलं: कथा ठीक, पण जहाजाच्या आकारामागचा विचार अपूर्व आहे. ते पत्र मी वर्गात वाचून दाखवलं.

तेव्हा मिस्त्रीची मुलगी उठून उभी राहिली. बापानं पढवून पाठवलं असावं, कारण एका दमात बोलली. "सर, बाबा म्हनले, नाव टाकायचं सर गडबडीत विसरले असतील. पुढच्या अंकात टाकतेत का, इचारून ये."

त्यानं मला सुटायला वाट करून दिली होती. हो, विसरलो, एवढंच म्हणायचं होतं. वर्ग माझ्याकडे बघत होता, पत्र माझ्या हातात होतं.

"तुझ्या बापाला एवढं सुचतं का?" मी म्हणालो.

वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरच्या एकानं डावा डोळा मिटला. ती हसू थांबायची वाट बघत राहिली.

"सुचतं, सर," ती म्हणाली, आणि मी बस म्हणायची वाट बघत उभीच राहिली. मी फळ्याकडे वळलो आणि धडा सुरू केला. तास संपेपर्यंत मी तिला बस म्हटलं नाही.