पाणपोईतली पांढरी पूड

मुलुंडची ती पावसाळी सकाळ अजून माझा पिच्छा सोडत नाही. फाळणीला तेव्हा काही वर्षं झाली होती. सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी स्टेशनबाहेर पाणपोई चालवली होती. वाटेत पाणी पाणी करत गेलेल्या आपल्या माणसांच्या नावाने प्रत्येक घरातलं कोणीतरी पाळीपाळीने येऊन पाणी पाजायचं. पिणाऱ्याला जात विचारायची नाही, असा तिथला दंडक होता.

मी तिथल्या चौकीवर फौजदार होतो. खबऱ्याने खबर आणली की उजाडताना एक इसम रांजणात पांढरी पूड टाकतो. मी साध्या वेशातले शिपाई बसवले आणि इसम मुद्देमालासह सापडला. भांडुपच्या कारखान्यातला कामगार, रत्नागिरीकडचा मुसलमान. बातमी आमच्याआधी बाजारात पोचली. पंचनामा होतो न होतो तोच चौकीबाहेर काठ्या घेऊन जमाव उभा. हा माणूस जिवंत घरी जातो की नाही, ते आता माझ्यावर होतं.

तो एकच धरून बसला होता : तुरटी आहे, पावसात विहिरीचं पाणी गढूळ येतं म्हणून टाकतो. प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंत जमाव थोडाच थांबणार होता! पाणपोई सांभाळणाऱ्या म्हातारीला मी आत बोलावलं. पेलाभर गढूळ पाणी मागवून तिच्यादेखत त्यात चिमूटभर पूड घातली. आम्ही पेल्याकडे बघत बसलो. दारावर दगड आपटत होते. हळूहळू गाळ तळाला बसला.

म्हातारी म्हणाली, हल्ली पाणी नितळ असतं, ती आम्ही विहिरीची कृपा समजत होतो.

मग चोरून कशाला, मी त्याला दरडावलं.

“सांगून टाकली असती तर पाणी कोण प्यायलं असतं, साहेब? माझा भाऊ दिल्लीहून लाहोरच्या गाडीत बसला, तो पोचलाच नाही. त्याच्या नावाने मी पाणी कुठे पाजू?”

म्हातारीचा मुलगाही वाटेतच गेला होता. ती म्हणाली, “उद्यापासून उजेडात ये, बेटा. तांब्या तुझ्या हातात देते.”

बाहेर जाऊन जमावाला तिनेच परतवलं. तिच्या जबाबावर मी त्याला सोडलं. अहवाल यथावकाश आला, तुरटीच निघाली.

लपवतो तो गुन्हेगार, हे आम्ही खात्यात शिकलो होतो. भलं करतानाही माणसाला लपावं लागतं, हे मला त्या चौकीत कळलं, आणि फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो तांब्या घेऊन उभा होता आणि लोक बाजूने निघून जात होते. मी गणवेशातच गेलो, टोपी काढली, ओंजळ पुढे केली. पाणी पिऊन बाजूला झालो, तर मागे काल काठी घेऊन आलेला एक जण ओंजळ धरून उभा होता. त्याने माझी नजर टाळली.