गाळलेली तीन वाक्यं

इथे परदेशात, मरीन परेड भागातल्या एका कॉन्डो सोसायटीत दर दोन महिन्यांनी आमची मराठी कुटुंबं जमायची. सगळं ठरवायच्या त्या कॉन्डोत राहणाऱ्या एक बाई. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, ऑफिस तांजोंग पगारला, इथल्या नागरिक होऊनही बरीच वर्षं झालेली. मी तिथे नऊ वर्षं जात होते. "तुमचं मूळ गाव कुठलं? आडनाव पहिल्यापासून हेच का?" असल्या प्रश्नांना हसून उत्तरं देत होते. त्यांना काय विचारायचंय ते मला कळायचं, आणि मला कळतंय हे त्यांनाही कळायचं.

गेल्या वर्षी मुलांसाठी प्रदर्शन ठरलं: एकोणिसाव्या शतकातले कारखाने. शाळेत मुलं इंग्लंडच्या गिरण्यांबद्दल शिकतात, मुंबईच्या गिरण्यांचं कुणी सांगत नाही. बाईंनी फोन केला.

"तुमचे पणजोबा गिरणीत होते ना? मुंबईचा फलक तुम्हीच लिहा. घरातली माणसं आली की वाचायला बरं वाटतं."

मी मनापासून लिहिलं. पणजोबांबद्दल वडिलांकडून ऐकलेलं सगळं. गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून उजेड आहे तोवर काम. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर कामही तेवढंच लांबायचं. कापसाचं तूस नाकातोंडात जायचं आणि पुढे खोकला कायमचा. दहा जणांची एक खोली, तिच्यात पाळीपाळीने झोपायचं. पावसाळ्यात संडासाचं पाणी दारापर्यंत यायचं. आणि मग तीन वाक्यं:

'पणजोबांना विणाई खात्यात कधीच घेतलं नाही, कारण ते महार होते. धोट्यात सुताची नवी कांडी घातली की दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यांची थुंकी लागलेला दोरा बाकीच्या विणकरांना चालत नसे. प्यायच्या पाण्याचा माठही त्यांचा वेगळा होता.'

हे मी पुन्हा एकदा वाचून काढलं. नऊ वर्षांत तिथे मी 'महार' हा शब्द उच्चारला नव्हता. मग पाठवून दिलं. बाईंचं उत्तर आलं: 'सुंदर.'

प्रदर्शनाच्या सकाळी कॉन्डोच्या हॉलमध्ये शिरलो तर माझी मुलगी आधी फलकापाशी धावली. चौदा वर्षांची आहे, मराठी अडखळत वाचते. माझ्याकडे वळून ती मोठ्याने म्हणाली, "आई, थुंकीवालं कुठे गेलं? यू रोट इट, राइट?"

मी वाचलं. खोकला होता, खोली होती, संडाससुद्धा होता. त्या तीन वाक्यांच्या जागी मात्र छापलं होतं: 'सर्व जातींचे कामगार इथे खांद्याला खांदा लावून राबले.' खाली माझं नाव.

बाई समोशांच्या टेबलाशी होत्या. मी विचारलं.

"अहो, जागा कमी पडत होती."

"मग ही ओळ कशी मावली?"

"हे बघा, मुलं आहेत. इथे जन्मलेल्या मुलांना हे ठाऊकही नाही. कशाला विष कालवायचं?"

"माझ्या मुलीला ठाऊक आहे."

"तुम्ही लोक ना, जिथे तिथे..." बाई थांबल्या.

"बोला. पूर्ण करा वाक्य."

त्यांनी समोशांचं ताट पुढे सरकवलं. मी मुलांच्या टेबलावरचा मार्कर घेतला, ती ओळ खोडली आणि बाजूच्या कोऱ्या पट्टीत माझी तिन्ही वाक्यं लिहिली. अगदी जवळ एक गृहस्थ कागदी कप धरून उभे होते. बुओना व्हिस्टाला आमच्याच ऑफिसच्या इमारतीत इंजिनिअर, रोज लिफ्टमध्ये भेटणारे. ते खाली बघत राहिले.

बाई आल्या, फलक उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. "माझ्या कार्यक्रमात हे चालणार नाही."

मी तो काखेत मारला आणि मुलीला घेऊन निघाले. दारापर्यंत कुणी आलं नाही. बसमध्ये बसेपर्यंत बाईंनी मला आमच्या फोनवरच्या ग्रुपमधून काढलं होतं.

मुलीने विचारलं, "मग इतकी वर्षं तू का जायचीस?"

"तुला मराठी बोलायला चार मुलं मिळावीत म्हणून."

"मला विचारलंस कधी?" मग इथल्या मुलांच्या लकबीत, "आय नेव्हर लाइक देम, लाह."

मी खिडकीबाहेर बघत राहिले, स्वतःवरच चिडून.

तीन आठवड्यांनी त्या इंजिनिअरांचा फोन आला. आवाज दबलेला.

"ताई, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. आमचेही आजोबा गिरणीत होते. रिंग खात्यात, सूत कातायला. विणाईत त्यांनाही घेतलं नाही." मग म्हणाले, "आम्हीही तेच. ग्रुपवर कुणाला ठाऊक नाही. तुम्ही बोलू नका कुठे."

"तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात," मी म्हणाले.

"मुलीचं लग्न जमतंय बाईंच्या ओळखीत. समजून घ्या."

मला समजत होतं, आणि समजून घ्यायची अजिबात इच्छा नव्हती. मी नाही बोलणार कुठे, एवढं सांगितलं आणि फोन ठेवला. आता लिफ्टमध्ये भेटलो की ते "जयभीम" म्हणतात, आम्ही दोघंच असलो तर. तिसरं कुणी असलं की "गुड मॉर्निंग". मी दोन्हीला मान हलवते.